रथाचं दार

महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर लावली आहे. धूळ वरून खाली बसते, म्हणून कण्हेरीच्या पानाची वरची बाजू मळते आणि खालची स्वच्छ राहते. आमच्या सुंकदहाळ गावासमोर मात्र दहा-बारा झुडपांची पाने खालूनही मातकट आहेत. तिथे दुभाजकात मोकळी जागा सोडलेली आहे आणि जमिनीवर डांबर नाही. चाके तिथे थांबतात, वळतात आणि माती वर फेकतात.

या मोकळ्या जागेला गावात रथाचं दार म्हणतात. वीरभद्राचा रथ वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, तिथून रस्ता ओलांडतो. एरवी दोन सिमेंटचे ठोकळे लावून दार बंद ठेवायचे असे ठरले होते. पहिल्या जत्रेसाठी ठोकळे काढले, चन्नवीरच्या हॉटेलसमोर नेऊन ठेवले, आणि लोक त्यांच्यावर बसून चहा पिऊ लागले. ते अजून तिथेच आहेत.

रस्ता जुना आहे आणि त्याच्यावरचा टोलही जुना आहे. किनाऱ्याकडचे मीठ आणि सुपारी घेऊन लमाणांचे बैल याच वाटेने बळ्ळारीकडे जायचे. गावाच्या दक्षिणेला एक दगडी चौथरा आहे, त्याला सुंकदकट्टे म्हणतात. सुंक म्हणजे जकात. चन्नवीरचे पूर्वज तिथे बसत आणि प्रत्येक बैलामागे मूठभर मीठ काढून घेत. पुढे बैलांच्या जागी कापसाच्या गाड्या आल्या, चौथऱ्याशेजारी लोकल बोर्डाचा बांबू आडवा झाला. मग खडी पडली, डांबर पडले, सरकारी बस सुरू झाली आणि बांबू कधी गेला ते कुणाच्या लक्षातही राहिले नाही. जुना रस्ता नाल्याला वळसा घालत, चौथऱ्याला खेटून जायचा. चौपदरी रस्त्याने नाला नळ्यांत घातला, वळसे सोडून दिले आणि गाव व चौथरा यांच्या मधून सरळ रेघ मारली. त्याच्याबरोबर टोलही परत आला. नाका आमच्या पूर्वेला आहे, गावातून त्याचे दिवे दिसतात.

अडचण अशी होती, की जत्रेत रथ देवळापासून निघून त्या चौथऱ्यापर्यंतच जातो. तिथे चन्नवीरच्या घरचा कर्ता पुरुष देवाला अडवतो. सुंक भरल्याशिवाय पुढे सोडणार नाही म्हणतो. पुजारी रथातून खारका आणि केळी फेकतात, लोक ती झेलतात, देवाने सुंक भरला असे होते आणि रथ परत फिरतो. सुंक राजालाही चुकला नाही आणि देवालाही चुकला नाही, हे सांगताना गावातली माणसे ताठ बसतात. त्याच माणसांचे टेम्पो नाक्याचे दिवे दिसले की रथाच्या दारातून जुन्या रस्त्याला उतरतात आणि नाक्याच्या पलीकडे पुन्हा वर येतात. आता परगावचे टेम्पोही येतात. चन्नवीर चहा गाळता गाळता म्हणतो, "आमच्या आजोबा-पणजोबांनी वसूल केलं, मी सोडून देतोय. फिटंफाट झाली."

मी इथल्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवते, गाव मला अक्कोरे, म्हणजे बाई, म्हणते. आल्यापासून मुदकप्पांच्या घरात, माडीवरच्या खोलीत राहते आणि खाली त्यांच्याच पंगतीला जेवते. घरात मुदकप्पा, त्यांचा धाकटा भाऊ फकीरप्पा आणि फकीरप्पांची मुलगी दाक्षायणी, ती मुदकप्पांना दोडप्पा, म्हणजे थोरले काका, म्हणते. मुदकप्पांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षे झाली, त्यांना मूलबाळ नाही. फकीरप्पांची बायको शंक्रव्वा मी आले तेव्हा होती.

रथाला सुकाणू नसते. दोर ओढणारी शेकडो माणसे फक्त पुढे ओढतात. रथ वळतो किंवा थांबतो तो चाकाखाली सरकवलेल्या लाकडी मोगरीमुळे. उजव्या चाकाखाली मोगरी गेली की ते चाक अडते आणि रथ उजवीकडे तोंड फिरवतो. चाक अंगावर येत असताना माणसाने वाकून लाकूड सरकवायचे आणि हात काढून घ्यायचा. हा मान मुदकप्पांच्या घराचा आहे. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखे नाहीत. रथ कुठवर न्यायचा, हा शब्दही त्यांचाच.

म्हणूनच रस्ता आखला जात असताना अधिकाऱ्यांनी सभेत रथाबद्दल विचारले ते मुदकप्पांना. तेव्हा मी इथे नव्हते, पण ती सभा मी कितीतरी तोंडांनी ऐकली आहे आणि दर वेळी ती जिंकलेल्या कुस्तीसारखी सांगितली जाते. आराखड्यात गावासमोरच रस्त्याखालून बोगदा होता, अठरा फूट उंचीचा. रथ त्यातून जाईल का, एवढाच प्रश्न होता. देवाच्या रथाला टेप लावायची नाही अशी इथली रीत, त्यामुळे तोंडाने सांगतील ते खरे. त्या सभेला शेजारच्या हिरेकोप्पचे लोकही होते. त्यांनी आधीच आपला रथ चोवीस फुटांचा आहे असे सांगून मिशीला हात लावला होता. मुदकप्पा उठले आणि म्हणाले, "आमचा सव्वीस. कळस वेगळा." सभा हसली. हिरेकोप्पवाले चहा न घेता गेले. अधिकाऱ्यांनी कागदावर सव्वीस लिहिले, बोगदा बुटका करून दूर नाल्याजवळ सरकवला आणि गावासमोर रथापुरते दार सोडले.

शंक्रव्वा त्या दारात गेली. डेअरीत दूध घालून ती स्कूटरवरून परत येत होती. लख्ख ऊन होते. एक टेम्पो दारातून उलट्या बाजूने वळला, त्याला चुकवायला टँकर सरकला आणि टँकरसमोर ती आली. पलीकडच्या शेतातून सगळ्यांच्या आधी मुदकप्पा पोहोचले. 

गावाने टँकरवाल्याला दोष दिला, आणि तो जोरात होता हे खरेच होते. घरात कुणी कुणाला काही म्हणाले नाही. दोघे भाऊ पूर्वीसारखे एकाच पंगतीला बसत राहिले. मला एकच फरक दिसला. मुदकप्पा त्या दारातून जाईनासे झाले. शेतावर जाताना ते सायकल हातात धरून नाल्याजवळच्या बोगद्यापर्यंत चालत जातात, पलीकडे निघून तेवढेच अंतर मागे येतात. लोकांना वाटते, वयाने माणूस भित्रा झाला.

पुढच्या वर्षी दाक्षायणी माझ्या दहावीच्या वर्गात होती. समरूप त्रिकोण शिकवून झाले होते आणि काठीच्या सावलीवरून उंच वस्तूची उंची काढायची होती. शाळेची टाकी, चिंच, झेंड्याचा खांब मोजून झाले. जत्रा जवळ आल्यामुळे रथ वंगणासाठी बाहेर काढला होता. मुले म्हणाली, अक्कोरे, रथाची काढू या, हात कुठे लावायचाय, सावलीच तर मोजायची. मी हो म्हटले. मुदकप्पा तिथेच आसाला तेल देत होते. मुलांनी आकडेमोड केली आणि दाक्षायणीने उत्तर तळहातावर लिहिले.

"किती आलं?" मुदकप्पांनी मान वर न करता विचारले.

"सतरा फूट, दोडप्पा. थोडं वर, कळसासकट."

ते आसाला तेल देत राहिले. दिवे लागायच्या सुमाराला ते माडीच्या जिन्यावर आले. एरवी ते कधी वर येत नसत. दारातूनच म्हणाले, "अक्कोरे, थंडीत सावली लांब पडते ना?"

"पडते. पण काठीचीही तेवढ्याच पटीत लांब पडते."

"म्हणजे चूक होत नाही."

"दोन-चार इंचांची होईल."

"नऊ फुटांची नाही."

"नाही."

मग मी जेवायला खाली कधी येणार, असे विचारून ते गेले. त्या दिवशी भाकरीबरोबर वांग्याची भाजी होती. मला वाटले, आता ते सांगतील. जत्रा आली, रथ दारातून पलीकडे गेला आणि परत आला. मग आणखी दोन जत्रा झाल्या. रथ रस्ता ओलांडत असताना दोन्ही बाजूंना वाहने थांबतात, ड्रायव्हर खाली उतरून हात जोडतात, आणि मुदकप्पा चाकाशेजारी वाकलेले असतात. त्या वेळी ते बाहेरून पाहणाऱ्याला फार मोठे दिसतात.

या वर्षी दाक्षायणी गदगच्या कॉलेजात जाऊ लागली. बस वेळेवर येत नाही, म्हणून फकीरप्पांनी शंक्रव्वाची स्कूटर दुरुस्त करून आणली. पहिल्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवले. गदगकडे जायचे तर पलीकडच्या बाजूला लागावे लागते. मुदकप्पा तिला म्हणाले, बोगद्यातून जा.

"दोडप्पा, बोगद्यात घोटाभर पाणी असतं आणि म्हशी बसलेल्या असतात. अख्खं गाव इथून जातं. अक्कोरेही इथूनच जातात."

मी माझ्या गाडीची किल्ली हातात धरून तिथेच उभी होते. तिचे खरे होते. शेजारच्या गावच्या शाळेत परीक्षेचे काम असले की मीही तिथूनच जात असे, आणि कण्हेरीची पाने मी पाहिली होती ती तिथे थांबूनच. त्या दिवसानंतर मी बोगद्यातून जाऊ लागले, पण ते दाक्षायणीला सांगितले नाही. सांगितले असते तर कारण सांगावे लागले असते.

मुदकप्पा मात्र रोज सकाळी लाल टॉवेल घेऊन दारात उभे राहू लागले. दाक्षायणीची स्कूटर आली की हात पसरून रस्त्यात शिरायचे. ट्रकवाले शिव्या देत ब्रेक मारायचे. ती पलीकडे गेली की हे मागे सरायचे. चन्नवीरला मोठी करमणूक झाली. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "देवाचं चाक थांबवणारा माणूस आहे. सोळा चाकांचा ट्रक म्हणजे काय, चार देव एकदम आले समजा." दाक्षायणीला लाज वाटायची. एकदा तिने मला विचारले, दोडप्पांना समजावता का, मैत्रिणी हसतात. मी म्हटले, समजावते. पण मी त्यांच्याशी बोलले नाही. काय समजवायचे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

जत्रेला पंधरवडा असताना रस्त्याचे नवे इंजिनिअर नदाफ साहेब आले. चन्नवीरच्या हॉटेलसमोरच्या ठोकळ्यावर बसून त्यांनी मिरची भजी मागवली. मी शाळेतून येत होते, मलाही बसायला जागा दिली. रस्ता नव्याने करायचा होता, त्यात दुभाजक सलग ओतला जाणार होता. फक्त या दाराबद्दल जुना करार होता. गावाने स्वतः नको म्हटले तरच ते बुजवता येणार होते, नाहीतर पुढची पंधरा-वीस वर्षे तसेच राहणार.

"देवाची वाट बुजवायची म्हणताय साहेब," चन्नवीर म्हणाला. "पाप कुणाच्या माथ्यावर?"

"माझ्या घाला. आमच्या खात्यात पापाला भरपूर जागा असते." नदाफ साहेब हसले. मग त्यांनी रस्त्याकडे बोट केले. "खरं सांगू का, मी जुने नकाशे पाहिले. अठरा फुटांचा बोगदा इथंच होता, अगदी या हॉटेलासमोर. तुमचा रथ सव्वीस निघाला म्हणून तिकडं नाल्यावर नेला. आता परत इथं आणायचा म्हटला तर होणार नाही, त्या वेळी पैसा होता. दोन-चार फुटांचा प्रश्न असता ना, तर तेव्हाच्या लोकांनी बोगदा थोडा खोल घेऊन जमवलं असतं. किती माणसं गेली हो इथं?"

दोघे भाऊ शेजारच्या ठोकळ्यावर होते. फकीरप्पांनी हातातली भजी द्रोणात परत ठेवली आणि बोटे पुसली. मुदकप्पा उठून देवळाच्या दिशेने चालू लागले. चन्नवीर म्हणाला, आमच्यातली चार माणसं गेली साहेब, पण त्यात दाराचा काय दोष. मग त्याने आणखी चहा आणला.

त्या संध्याकाळी पंगतीला आम्ही तिघेच होतो. दाक्षायणी मैत्रिणीकडे गेली होती. मुदकप्पांनी शेंगांची चटणी ताटात घेतली आणि तशीच ठेवली.

"तम्मा, साहेब काय म्हणाले ते ऐकलंस?"

"ऐकलं."

"रथ सतरा फुटांचा आहे."

"माहीत आहे," फकीरप्पा म्हणाले. "पोरीनं त्याच दिवशी सांगितलं. हातावर लिहून आणलं होतं."

मुदकप्पा भावाकडे पाहत राहिले. "मग तीन वर्षं बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

मी उठायला लागले. फकीरप्पांनी हातानेच बसा म्हणून खुणावले.

"मी हिरेकोप्पवाल्यांसाठी बोललो होतो," मुदकप्पा म्हणाले. "बोगद्यासाठी नाही. बोगदा कुठं जाईल ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा कागद गेला होता. तेव्हा उठून जायला हवं होतं. पण सगळं गाव पाठीवर थाप मारत होतं. आणि शंक्रव्वा गेल्यावर... मग तर कुठल्या तोंडानं सांगणार."

"मला भांडायचं नाही, अण्णा. भांडून काही होणार असतं तर मी तेव्हाच भांडलो असतो. पोरगी रोज संध्याकाळी घरी यायला हवी. बाकी तुझं तू बघ."

"दार बुजवलं तर रथ सुंकदकट्ट्याला जाणार नाही. आपल्या आजोबांच्या आजोबांपासून जातोय. देव सुंक न भरता परत फिरेल. गाव मला दारात उभं करणार नाही."

"रोज तर उभा असतोस दारात," फकीरप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी भावाच्या ताटात भाकरी वाढली. दोघांनीही पुढे जेवण केले. मुलांना मी सावली मोजायला लावली, उत्तर बरोबर आहे म्हणून त्यांना शाबासकी दिली आणि ते उत्तर तिथेच सोडून पुढच्या धड्याकडे वळले, हे त्या रात्रीपर्यंत मला कधी असे दिसले नव्हते.

मधल्या पंधरवड्यात घरात त्या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही. मुदकप्पा सकाळी टॉवेल घेऊन जात राहिले. नदाफ साहेबांना पंचांनी निरोप दिला, की उत्तर जत्रेला मिळेल, तुम्ही या. त्यांना वाटले जेवणाचे आमंत्रण आहे. गावात सगळ्यांना उत्तर ठाऊकच होते. चन्नवीरने नवे धोतर आणले. देवाला अडवण्याचा मान त्याचा होता आणि या वर्षी साहेबांसमोर अडवायचे होते. 

जत्रेच्या दिवशी उन्हे कलायला लागल्यावर रथ देवळासमोर सजून उभा राहिला. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, आत वीरभद्राची मूर्ती. दोन्ही दोर जमिनीवर लांब पसरले होते आणि बाप्ये आतापासूनच त्यांच्या कडेला उभे होते. बायका देवळाच्या जोत्यावर आणि आजूबाजूच्या माड्यांवर, रथ निघायची वाट पाहत. दाक्षायणी माझ्या शेजारी होती. खाली रस्त्यावर पोलिसांनी वाहने थांबवायला सुरुवात केली होती.

दोर उचलण्याआधी इथे एक प्रश्न विचारला जातो. पुजारी रथावरून खाली वाकतात, मोगरी धरणाऱ्याला मोठ्याने विचारतात, देवाची वाट कुठवर, आणि तो सुंकदकट्टे म्हणतो. लोक त्या शब्दाची वाट पाहत दोराला हात घालतात. तो शब्द एकदा बोलला की परत घेता येत नाही, सगळी जत्रा त्याला बांधील असते.

पुजारी वाकले. "देवाची वाट कुठवर?"

मुदकप्पा मोगरी छातीशी धरून उभे होते. काही माणसांनी सवयीने दोर उचललाही होता. पुजाऱ्यांना वाटले ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. गर्दीतून कुणीतरी हसून म्हणाले, काकांना नाव आठवेना, चन्नवीर, सांग रे. चन्नवीर तोंड उघडणार इतक्यात फकीरप्पा पुढे येऊन भावाच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी मोगरीचे दुसरे टोक हातात घेतले.

मुदकप्पांनी पुजाऱ्यांकडे पाहिले नाही, नदाफ साहेबांकडेही नाही. त्यांनी जोत्यावर नजर फिरवली आणि दाक्षायणी दिसल्यावर तिथे थांबवली.

"रथ सतरा फुटांचा आहे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गर्दी गप्प होत गेली. "सव्वीस मी सांगितलं. खोटं सांगितलं. बोगदा इथं होणार होता, तो माझ्यामुळे गेला. आमची शंक्रव्वा त्यानं गेली. आणखी तिघे गेले." त्यांनी श्वास घेतला. "देवाची वाट रस्त्याच्या अलीकडपर्यंत. रथ आजपासून रस्ता ओलांडणार नाही. साहेब, दार बुजवा."